न केलेल्या कामावर कुणाची सही नसते

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं आणि आम्हा भावंडांची नावं लावायची होती. अर्ज दिला, मृत्यूचा दाखला जोडला, वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि मग तलाठी ऑफिसात आईचे हेलपाटे सुरू झाले. मी शहरात नोकरीला, त्यामुळे ती एकटीच सकाळच्या एसटीने जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा "मावशी, भाऊसाहेब पंचनाम्याला गेलेत". दुसऱ्यांदा "मीटिंग आहे". तिसऱ्यांदा भाऊसाहेब भेटले, म्हणाले होऊन जाईल, पुढच्या सोमवारी या. पुढच्या सोमवारी निवडणुकीचं ट्रेनिंग, मग सर्व्हर डाऊन, मग "सर्कलकडे पाठवलंय", मग सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, म्हणाले माझ्याकडे तर काहीच आलेलं नाही. असे नऊ हेलपाटे झाले. आणि त्या नऊ वेळांत कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी आवाज चढवला नाही, काम होणार नाही असंही कुणी म्हटलं नाही. आई फोनवर मला तेच सांगायची, "अरे नाही म्हणतच नाहीत रे, मग भांडू कुणाशी?"

आईच्या त्या प्रश्नावरच हा लेख आहे. लाच घेतली, खोटा दाखला दिला, चुकीचा आदेश काढला, या गोष्टी आपल्याला कळतात, त्यावर बातम्या होतात, लाचलुचपतवाले सापळा लावतात. पण अधिकारी काहीच करत नाही तेव्हा काय होतं, ते कुठल्या कायद्यात बसतं, त्याचा जाब कुणी कुणाला विचारायचा, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की काम न होणं हा एक गुन्हा, किमान एक चूक, असू शकते हे डोक्यातच येत नाही.

आधी ती वारस नोंद म्हणजे किती मोठं काम आहे ते बघा. अर्ज आला की ग्राम महसूल अधिकाऱ्याने (आपण अजून तलाठीच म्हणतो) तो वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये घ्यायचा, वारस खरे कोण याची चौकशी करायची, मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरायचा, संबंधितांना नोटीस काढायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं, आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. बस. यात कुठे मंत्रालय नाही, कुठे निधी लागत नाही, नवीन धोरण ठरवायचं नाही. पण ही एक नोंद अडली की सोसायटीचं पीककर्ज अडतं, नुकसानभरपाई मेलेल्या माणसाच्या नावावर येते आणि बँक ती देत नाही, जमीन कसणाऱ्या बाईला कागदावर जमीनच नसते. काम अर्ध्या तासाचं आणि त्याच्यावाचून अख्खं वर्ष अडलेलं, असं हे प्रकरण असतं.

आता उत्तरदायित्व या जड शब्दाकडे येतो. याचा साधा अर्थ एवढाच की कोणतंही सरकारी काम घेतलं तर ते करायचं कुणी, किती दिवसात, नाही केलं तर विचारणार कोण, आणि विचारल्यावर पुढे होणार काय, या चार गोष्टींची उत्तरं ठरलेली असली पाहिजेत. या चारातलं एक जरी ढिलं असेल तर बाकीच्या तिघांचा उपयोग नाही. आणि काहीच न करण्याची ताकद इथेच आहे, कारण चुकीचं काम केलं तर त्याच्यावर सही असते, तारीख असते, जावक नंबर असतो, ते अपिलात नेता येतं, कोर्टात दाखवता येतं. न केलेल्या कामावर कुणाची सही नसते. आईच्या अर्जाचं अपील कुठे करणार? आदेशच नाही. कुणाच्या विरोधात करणार? अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर आहे तेच माहीत नाही. अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला असता तर बरं झालं असतं, खरंच सांगतो, निदान हातात धरायला एक कागद मिळाला असता.

मग अधिकारी असं का करतात? सगळे कामचुकार असतात असं मी अजिबात म्हणणार नाही, माझे दोन मित्र महसूलमध्ये आहेत, रात्री दहापर्यंत बसतात. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन सजांचा (सजा म्हणजे एका तलाठ्याकडचा गावांचा गट) चार्ज, त्यात निवडणूक, त्यात पंचनामे, त्यात दर आठवड्याला नवीन योजनेची माहिती "आजच दुपारपर्यंत" पाठवायची. पदं रिकामी ठेवायची आणि मग आहे त्या माणसावर दिरंगाईचा ठपका ठेवायचा हा सरकारचाही दोष आहेच, आणि तोही कुणीतरी न घेतलेल्या निर्णयाचाच दोष आहे, भरतीची फाईल कुठेतरी वर पडून असते म्हणून खाली तलाठी नसतो.

पण कामाचा बोजा हे अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं हिशेबाचं आहे. निर्णय घेतला आणि तो चुकला तर ऑडिटचा पॅरा, म्हणजे आक्षेप, येतो, विभागीय चौकशी लागते, निवृत्तीच्या तोंडावर पेन्शन अडकते. निर्णय घेतलाच नाही तर? बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणजे सही करणाऱ्याला धोका आणि सही न करणारा सुखरूप, अशी रचना आपणच करून ठेवलीय. प्रामाणिक अधिकारीसुद्धा भितात, ही तक्रार केंद्रातही इतकी वाढली की २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात बदल केला, अधिकाऱ्याने कामात घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची अट घातली. निर्णय घेणाऱ्याला संरक्षण द्यायला हरकत नाही, पण निर्णय न घेणाऱ्याला जे फुकटचं संरक्षण आहे ते तसंच राहिलं.

ऑफिसात फाईल थांबते कशी तेही जवळून बघण्यासारखं आहे. आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक कारकुनाने आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायचे. चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्डरूमला पाठवायचं ते, आणि नष्ट करायचं ते. पद्धत चांगली आहे, कुठला कागद कुठे आहे हे पाच मिनिटात सापडायला पाहिजे म्हणून ती काढलेली. यातला दुसरा गठ्ठा बघा, प्रतीक्षाधीन. म्हणजे मी माझं काम केलंय, दुसऱ्या ऑफिसला पत्र पाठवलंय, त्यांचं उत्तर आलं की पुढे. जिथे खरंच दुसऱ्याच्या माहितीवाचून अडतं तिथे हे बरोबरच आहे. पण फाईल नको असेल तर सगळ्यात सोपा मार्ग हाच. एक पत्र लिहायचं, "अभिप्राय कळवावेत", आणि फाईल चालूतून उचलून प्रतीक्षाधीनमध्ये टाकायची. आता ती माझ्याकडे पेंडिंग नाही. समोरचं ऑफिस ते पत्र "उचित कार्यवाहीसाठी" खाली पाठवतं, आता ती त्यांच्याकडेही पेंडिंग नाही. दोन्हीकडच्या गोषवाऱ्यात काम झालेलं दिसतं आणि माणूस मात्र पायरीवर बसलेला असतो. वरून वर्ष-दीड वर्षात साहेबांची बदली, नवीन साहेब म्हणणार मला विषय समजून घेऊ द्या.

इथपर्यंत एका बाईचे हेलपाटे झाले, पण हीच सवय मोठ्या जागी माणसं मारते. घाटकोपरचं होर्डिंग आठवा, १३ मे २०२४, दुपारी वादळ आलं आणि पूर्व द्रुतगती मार्गालगत छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर ते कोसळलं, १७ माणसं गेली, सत्तरहून जास्त जखमी झाली. गाडीत पेट्रोल भरायला थांबलेली माणसं होती ती, पावसापासून आडोशाला उभी राहिलेली. मुंबई महापालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांच्या होर्डिंगला परवानगी देते आणि हे जवळजवळ १२० बाय १२० फूट होतं, म्हणजे क्षेत्रफळ काढलं तर नऊ पट. आणि हे काही गल्लीत लपवलेलं नव्हतं. रोज लाखो माणसं त्याच्यासमोरून जात होती, त्यात पालिकेचे अधिकारी असणार, पोलीस असणार, मंत्री असणार. कोसळल्यावर काय बाहेर आलं? जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी रेल्वे पोलीस आयुक्तांच्या ऑफिसातून गेलेली, पालिका म्हणते आमची परवानगी घेतलीच नाही, आणि रेल्वेच्या हद्दीत आमची परवानगी लागते की नाही यावरच आधीपासून वाद आणि पत्रव्यवहार. पुढे एका आयपीएस अधिकाऱ्याला निलंबित केलं, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली. ते सगळं झालं, पण मला त्यातली हद्दीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हद्द कुणाची हा प्रश्न दोन ऑफिसांच्या मध्ये असा पडून होता, की तो सोडवणं कुणाचंच काम नव्हतं. होर्डिंग मात्र खऱ्या जमिनीवर उभं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक आहे हे माहीत होतं, तसा बोर्ड तिथे होता, नवीन पुलाला पैसे मंजूर झाल्याचंही दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितलं. म्हणजे माहिती होती, पैसा होता, बोर्ड होता. रविवारी पावसाळ्यात तिथे गर्दी होणार हे शेंबड्या पोराला कळतं, पण त्या दिवशी त्या पुलावर माणसं जाऊ न देणं हे एका कुणाचंतरी नाव लिहून ठरवलेलं काम होतं का? बोर्ड लावला की जबाबदारी वाचणाऱ्यावर गेली, असं धरून चालण्याची पद्धत आहे आपल्याकडे.

"निधी नाही" हे उत्तरही असंच. यावर एक निकाल प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर लावला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मध्य प्रदेशातलं रतलाम. तिथल्या न्यू रोड भागातले रहिवासी उघड्या गटारांनी आणि घाणीने हैराण झाले होते, त्यात दारूच्या कारखान्याचं सांडपाणी रस्त्यावर. नगरपालिका ऐकेना, तेव्हा त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवण्याच्या कलमाखाली, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला. मॅजिस्ट्रेटने पालिकेला आदेश दिला की सहा महिन्यात योजना करा. पालिका त्याच्याविरुद्ध लढत लढत सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथेही तिचं म्हणणं मुख्यतः हेच की आमच्याकडे पैसे नाहीत. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला तो असा की लोकांच्या आरोग्याची काळजी घेणं हे पालिकेचं कायद्याने ठरवलेलं कर्तव्य आहे आणि पैशाची अडचण सांगून त्यातून सुटता येणार नाही. विचार करा, त्या पालिकेने वकिलांवर आणि कोर्टाच्या तारखांवर जेवढी वर्षं घालवली तेवढ्या वर्षात गटार झालं असतं. ते कलम १३३ आता नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १५२ म्हणून आहे, गेलेलं नाही.

आता आपल्या महाराष्ट्राचं बघू, कारण इथे खरंतर कायदे बरेच आहेत आणि काही बाबतीत आपण देशाच्या पुढे होतो. १९७२ मध्ये लोकायुक्त आपल्याकडे सुरू झाले, देशात पहिले. माहिती अधिकाराचा कायदा केंद्राने २००५ मध्ये केला, आपला २००२ चा होता. आणि अण्णा हजारेंच्या उपोषणांच्या दबावातून आणखी एक कायदा आला ज्याचं नाव फार लांब आहे, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. लोक याला बदल्यांचा कायदा म्हणतात, त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला दप्तर दिरंगाई कायदा. १ जुलै २००६ पासून लागू आहे. बदल्यांचा भाग सगळ्या कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असतो, दिरंगाईचा भाग नागरिकांना माहीत नसतो, आणि खरा आपल्या कामाचा तोच आहे.

त्यातलं कलम १० असं सांगतं की कुठल्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. "तात्काळ" फाईल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, "तातडीची" शक्यतो चार दिवसात. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसात निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिन्यात. आणि जाणूनबुजून विलंब केला किंवा निष्काळजीपणा केला तर शिस्तभंगाची कारवाई. कोर्टात असलेली प्रकरणं, लोकायुक्तांकडची प्रकरणं, अर्धन्यायिक प्रकरणं, मंत्रिमंडळाचे मोठे धोरणात्मक निर्णय वगैरे यातून वगळले आहेत, ते ठीक आहे. आईच्या अर्जावर ना हरकत होती ना वाद, तरी त्या अर्जाचे सात दिवस सात महिने झाले होते.

मग इतका चांगला कायदा असून काम का होत नाही? कारण कारवाई करायची ती वरच्या अधिकाऱ्याने. आपण त्याच्या लक्षात आणून द्यायचं, त्याने आधी स्वतःची खात्री करून घ्यायची की खरंच कसूर झालीय, मग त्याने चौकशी सुरू करायची. आणि वरच्या अधिकाऱ्याने खात्रीच करून घेतली नाही तर? तर तीसुद्धा एक दिरंगाई, तिच्यासाठी त्याच्या वरच्याकडे जा. दिरंगाई थांबवायच्या कायद्याची किल्ली दिरंगाई करणाऱ्या साखळीच्याच हातात ठेवलीय. शिवाय "जाणूनबुजून" हे सिद्ध करायचं कसं? काम न करणारा माणूस कधी लिहून ठेवत नाही की मी मुद्दाम करत नाहीये.

नंतर २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला, २८ एप्रिलपासून. तो या बाबतीत जास्त धारदार आहे. ज्या सेवा सरकारने अधिसूचित केल्या आहेत त्या प्रत्येकीसाठी किती दिवस, देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिलं अपील कुणाकडे, दुसरं कुणाकडे, हे सगळं आधीच जाहीर करून ऑफिसात बोर्डावर लावायचं. सेवा द्या नाहीतर लेखी कारण देऊन अर्ज फेटाळा, तिसरा मार्गच नाही. उशीर झाला तर पहिलं अपील, मग दुसरं, मग तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे, आणि पुरेसं कारण नसताना सेवा दिली नाही तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, त्याच्या स्वतःच्या खिशातून. रक्कम मोठी नाही, पण दंड नावावर लागतो, आणि आदेश नसला तरी अपील करता येतं ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. इथे मौन हेच अपिलाचं कारण झालं. अडचण दोन ठिकाणी. एक, यादीत नसलेल्या सेवेला हा कायदा लागत नाही. दुसरी, अर्ज दिल्याची नोंदच नसेल तर दिवस मोजायचे कुठून?

आमचं नेमकं तिथेच घोडं अडलं. शेवटी मी सुट्टी काढून गावी गेलो आणि माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून, की आईच्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत रोज काय कार्यवाही झाली, तो कुठल्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होता, त्यांची पदनामं द्या. २६ व्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं: सदर अर्ज या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. मी ती ओळ तीन-चार वेळा वाचली. आईने अर्ज दिला होता, समोरच्याने घेऊन टेबलाच्या कडेला ठेवला होता, "ठेवा इथे मावशी" म्हणून, आणि आईने पोच मागितली नव्हती कारण ओळखीच्या माणसाकडे पोच मागणं तिला बरं वाटलं नाही. आवक नंबर पडला नाही. म्हणजे सात महिने, नऊ हेलपाटे, आणि सरकारच्या लेखी आईने कधी काही मागितलंच नव्हतं.

आता हे सगळं लोकशाहीच्या दृष्टीने इतकं वाईट का, ते सांगतो, कारण मला वाटतं की उशीर झाला, त्रास झाला, एवढ्यावर हा विषय थांबत नाही. काम नियमाने होत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? एजंट गाठतो, किंवा कार्यकर्ता गाठतो. आईलाही गावातल्या एकाने सांगितलं, आमदारांच्या ऑफिसातून एक फोन करायला सांगू का. फोन झाला असता आणि काम दोन दिवसात झालंही असतं, ते मला माहीत आहे. पण मग काय झालं असतं? जो हक्क होता तो उपकार झाला असता. पुढच्या निवडणुकीत आई त्या माणसाला हे विचारू शकली नसती की गावातलं ऑफिस नीट का चालत नाही, कारण तिच्यापुरतं तर त्यांनी चालवून दिलं होतं. आमदाराच्या दारात सकाळी जी रांग असते ती बघा, त्यातली निम्मी कामं तलाठी, ग्रामसेवक, पोलीस स्टेशन, सरकारी दवाखाना यांनी आपणहून करायची असतात. आमदाराचं खरं काम सभागृहात मंत्र्याला विचारण्याचं की अमुक जिल्ह्यात एवढ्या नोंदी का पडून आहेत. पण त्या पडून राहण्यावरच त्याची रांग चालते, तर तो का विचारेल? खालचं ऑफिस ठप्प असणं हे वरच्या राजकारण्याच्या सोयीचं होतं आणि लोकांनी ज्याला जाब विचारायचा त्याचेच लोक ऋणी होतात. उत्तरदायित्वाची दिशाच उलटी फिरते. लाच खाणाऱ्याचा राग तरी येतो, इथे राग यायलाही जागा राहत नाही.

आणि भरपाई द्यावी लागली तर ती कुणाच्या खिशातून? १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे फार स्पष्ट सांगितलं होतं. घराच्या ताब्यावरून एका सामान्य माणसाला छळलं होतं. कोर्ट म्हणालं की अशा छळाची भरपाई संस्थेने द्यायची, पण तो पैसा जनतेचाच असतो, म्हणून ज्या अधिकाऱ्यांमुळे हे झालं त्यांना शोधून त्यांच्याकडून वसूल करा. तीस वर्षं झाली, हे वसूल करणं किती ऑफिसात होतं ते आपण बघतोच. खड्ड्यांच्या बाबतीत मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच धागा पुन्हा उचलला, खड्ड्यामुळे माणूस गेला तर वारसांना सहा लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करायची. तो खटला २०१३ पासून चालू होता, हायकोर्टाच्याच एका न्यायमूर्तींनी खड्ड्यांबद्दल लिहिलेल्या पत्रावरून सुरू झालेला. न्यायमूर्तींच्या पत्राला बारा वर्षं लागतात तिथे आपल्या अर्जाचं काय, असं मनात येतंच, पण आदेश आलाय आणि तो वापरायचा आहे.

मार्ग निघतो हेही खोटं नाही. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर होते, त्यांनी कलेक्टर ऑफिसची बसायची व्यवस्था, रेकॉर्डची मांडणी, अर्ज घ्यायची पद्धत सगळी बदलली, लखिना पॅटर्न म्हणून ते बघायला बाहेरून लोक यायचे. पुण्याला विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवींनी झिरो पेंडन्सी राबवली, जुने गठ्ठे उघडून एकेक कागद बाहेर काढायला लावला. या दोघांनी नवीन कायदा आणला नव्हता, कागद कुठे आहे आणि किती दिवस आहे हे सगळ्यांना दिसेल असं केलं, बस. पण तो अधिकारी बदलून गेला की काय उरतं हा प्रश्न आहेच, म्हणून आपल्या बाजूने जे करता येतं ते करायला पाहिजे.

ते फार अवघड नाही. तोंडी काही देऊ नका, तोंडी काही ऐकून परत येऊ नका. अर्जाची झेरॉक्स घेऊन जा, तिच्यावर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि घेणाऱ्याची सही घ्या, नाही देत म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. ऑनलाइन असेल तर अर्ज क्रमांक जपून ठेवा. सेवा हक्काच्या यादीत ती सेवा आहे का ते ऑफिसातल्या बोर्डावर किंवा आपले सरकार पोर्टलवर बघा आणि मुदत संपली की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, भांडण नको, फक्त अपील. यादीत नसेल तर दप्तर दिरंगाई कायद्याचं कलम १० लिहून वरिष्ठांना पत्र द्या, त्याचीही पोच घ्या, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात लोकशाही दिन असतो तिथे ते न्या, फक्त अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. माहिती अधिकारात "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस होता आणि त्यावरच्या टिपणीची प्रत द्या असं मागा. ३० दिवसात माहिती दिली नाही तर दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० पर्यंत दंड माहिती अधिकाऱ्याला लागू शकतो, त्यामुळे निदान फाईल शोधली तरी जाते. आणि अगदी शेवटी हायकोर्ट, अनुच्छेद २२६, तिथे कोर्ट अधिकाऱ्याला सांगू शकतं की तुझं कर्तव्य कर, याला परमादेश म्हणतात. पण तिथेही पहिला प्रश्न हाच विचारतात की तुम्ही आधी मागणी केली होती का, दाखवा. म्हणजे सगळे रस्ते फिरून त्या शिक्का मारलेल्या झेरॉक्सवरच येतात.

आमचा दुसरा अर्ज आईनेच नेऊन दिला, मी मुद्दाम गेलो नाही. समोरच्याने परत तेच म्हटलं, ठेवा इथे मावशी. ती म्हणाली, "ठेवते, पण यावर शिक्का मारून द्या भाऊसाहेब, पोरगा विचारतो." मारला. १९ व्या दिवशी नोटीस निघाली, पुढचे पंधरा दिवस हरकत आली नाही, आणि सर्कलने नोंद प्रमाणित केली. सातबाऱ्यावर आता आईचं आणि आमची नावं आहेत, आणि ती पोच तिने बँकेच्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात घडी करून ठेवलीय. शेजारच्या काकू परवा संजय गांधी निराधारचा अर्ज द्यायला निघाल्या तेव्हा तिने त्यांना दारातून परत बोलावलं आणि ती दाखवली, म्हणाली असं आणायचं, इथे तारीख, इथे नंबर.